दुष्काळामागून दुष्काळ येतोच का? सोलापूरचा पाऊस आणि एका कसोटीचा इतिहास

१/ सोलापूर जिल्ह्यात दुष्काळांना नावे असतात. दुर्गादेवीचा दुष्काळ, दामाजीपंतांचा दुष्काळ, १८७६ चा, आणि अजूनही अनेकांच्या आठवणीत असलेला बहात्तरचा. या नावांच्या मागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. यंदा पाऊस हुकला, तर पुढच्या वर्षीही तो हुकण्याची शक्यता वाढते का? की प्रत्येक मृग कोऱ्या पाटीने येतो?

२/ संख्याशास्त्रात या प्रश्नाला नाव आहे : क्रमिक सहसंबंध. काळाच्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांत एका आकड्याचा त्याच्या मागच्या आकड्याशी काही संबंध आहे का, हे तपासणे. विषय रूक्ष वाटतो. परंतु या तपासणीचा इतिहास दख्खनच्या उपासमारीतून, लंडनमधल्या वादांतून, सिमल्याच्या कचेरीतून आणि अखेर पुण्यातून जातो. आजचा धागा त्याविषयी.

३/ प्रारंभ लोकस्मृतीपासून करू. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासून बारा वर्षे चालला असे मानले जाते. बारा वर्षे सलग! पुढच्या, म्हणजे पंधराव्या शतकातली दामाजीपंतांची कथा तर आपल्या मंगळवेढ्याची. बहमनी राजवटीतील या अधिकाऱ्याने सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरला धान्याची किंमत चुकती केली, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही.

४/ चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर या कथेत राज्यव्यवहाराचा एक फार खरा पेच आहे. कोठार आज रिकामे केले आणि पुढचे वर्षही कोरडे गेले, तर? बिदरच्या दरबाराचा राग केवळ लोभातून आला असेल असे मला वाटत नाही. धान्य राखून ठेवायचे की वाटायचे, याचे उत्तर 'पुढच्या वर्षी काय' यावर अवलंबून असते. आणि ते सांगणारे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते.

५/ स्मृती हे साधन होऊ शकत नाही. एकटेदुकटे वाईट वर्ष माणसे सोसतात आणि विसरतात; जोडीने आलेली वाईट वर्षे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. त्यामुळे आठवणींच्या वहीत दुष्काळ नेहमी झुंडीने आलेले दिसतात. खरी झुंड कोणती आणि आठवणीने जमवलेली कोणती, हे ठरवायला पर्जन्यमापक हवा, आणि त्याची नोंद वर्षानुवर्षे न चुकता ठेवणारा कारकून हवा.

६/ १८७६. दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल दुष्काळी पाहणीसाठी आले आणि कामावरील मजुराची मजुरी दिवसाला सुमारे एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली. इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी त्या दराने राबण्याऐवजी काम सोडून जाणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. १८७२ आणि १८८१ च्या खानेसुमाऱ्या शेजारी ठेवल्या, तर सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. त्या घटीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

७/ १८७७ चा मोसमही साऱ्या हिंदुस्थानासाठी भीषण ठरला. १८७१ पासूनच्या अखिल भारतीय मालिकेत सर्वांत कमी पावसाचे वर्ष तेच. लागोपाठ दोन वर्षांच्या या तडाख्याने सरकारला प्रथमच गांभीर्याने विचारावे लागले की दुष्काळाला काही नियम आहे का.

८/ उत्तर तयारच होते, आणि ते आकाशातून आले होते. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि घटतात. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि सरकारचे सांख्यिकी महासंचालक विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये मांडले की मद्रासचा पाऊस याच तालावर चालतो : डाग कमी, तर पाऊस कमी. आधार होता १८१३ पासूनच्या मद्रासच्या पर्जन्यनोंदींचा.

९/ या कल्पनेचे आकर्षण समजून घ्या. दुष्काळ घड्याळाप्रमाणे येत असेल, तर त्यापूर्वी कोठारे भरता येतात, आणि मधल्या वर्षांत निर्धास्त राहता येते. शिवाय घड्याळ सूर्यात असेल, तर मृत्यूंचा दोष महसुलाच्या दरावर किंवा मजुरीच्या कपातीवर येत नाही. हा दुसरा लाभ हंटरसाहेबांच्या मनात होता असे मी म्हणत नाही. पण तो होता.

१०/ चौसष्ट वर्षांच्या नोंदींत अकरा वर्षांची आवर्तने किती बसतात? जेमतेम सहा. सहा फेऱ्यांवरून नियम बांधणे म्हणजे सहा वेळा फासे टाकून फासा लबाड ठरवणे.

११/ हे ध्यानात आलेला माणूस सरकारातच होता. रिचर्ड स्ट्रेची यांनी १८७७ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मद्रासच्या आकड्यांची छाननी मांडली. त्यांचा मुद्दा सरळ होता : आकडे अकरा-अकरा वर्षांच्या चौकटीत बसवल्याने त्यांचे इतस्ततः विखुरणे फारसे कमी होत नाही, मग त्या चौकटीचा उपयोग काय? 'हा आकार योगायोगानेही उमटला असता का?' असा प्रश्न पावसाच्या मालिकेला विचारणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांची गणना करावी लागेल. पुढे हेच स्ट्रेची दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले. १८८० च्या त्या आयोगाच्या अहवालातून दुष्काळ संहिता जन्माला आल्या : पीक हुकल्याच्या खुणा दिसताच कामे कशी सुरू करावीत, याचे स्थायी नियम. ज्याला घड्याळ सापडलेले नसते, त्याला कायम सज्ज राहण्याचीच व्यवस्था करावी लागते.

१२/ पैशाची तरतूद मात्र सरासरीवर झाली. दहा वर्षांत दुष्काळावर सुमारे १५ कोटी रुपये खर्च होईल, या अंदाजाने दरसाल दीड कोटी बाजूला काढण्याचे ठरले. हे ठरवणारे वित्तमंत्री जॉन स्ट्रेची, म्हणजे रिचर्ड यांचे बंधू. या हिशेबात एक गृहीतक गुपचूप बसले आहे : वाईट वर्षे विखरून येतील, एकदम अंगावर येणार नाहीत. हे गृहीतक खरे की खोटे, हे तपासण्याचे गणित तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

१३/ ते गणित घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. केंब्रिजचे अव्वल गणिती. हवामानाचे शिक्षण जवळपास शून्य. कदाचित म्हणूनच त्यांना हवामानतज्ज्ञांच्या सवयी जडल्या नव्हत्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ देशाच्या अंगावर ताजे होते आणि मोसमी पावसाचे भाकीत हवे होते. वॉकरांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे सिमल्याच्या कचेरीत गोळा केले आणि कारकुनांच्या फौजेकडून त्यांतले सहसंबंध काढून घेतले. हाती गणित करणाऱ्या त्या हिंदी कारकुनांची नावे विज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच येतात.

१४/ शेकडो सहसंबंध काढले की त्यांतले काही नुसत्या योगायोगानेच मोठे निघणार. वॉकरांना हे कळले होते. १९१४ च्या एका निबंधात त्यांनी बजावले की अनेक आकड्यांतून सर्वांत मोठा निवडून काढला असेल, तर त्याला लावायची कसोटी अधिक कडक हवी. शंभर ज्योतिष्यांपैकी एकाचे भाकीत खरे ठरले, तर त्यात ज्योतिषाचा विजय नसतो. आज विदाविज्ञान शिकणाऱ्या मुलांना हीच गोष्ट नव्या नावांनी शिकवली जाते. ती हिंदुस्थानच्या पावसावरून सुचली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

१५/ दुसरा धडा १९२६ मध्ये इंग्लंडात उडनी यूल यांनी दिला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडातील चर्चमध्ये लागणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध त्यांनी काढला. तो निघाला ०.९५! मग लग्ने चर्चबाहेर लावली की माणसे कमी मरतात का? अर्थात नाही. दोन्ही मालिका काळाबरोबर संथपणे घसरत होत्या, एवढेच. मालिकेतला प्रत्येक आकडा मागच्या आकड्याचा हात धरून चालत असेल, तर पन्नास वर्षांच्या नोंदी म्हणजे पन्नास स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच घरातल्या पन्नास जणांची साक्ष म्हणा.

१६/ पुढच्याच वर्षी यूल सूर्यडागांकडे वळले. त्यांनी एका लंबकाची कल्पना केली, ज्यावर मुले अधूनमधून वाटाणे मारत आहेत. लंबक झुलतो, पण नेमक्या तालात नाही. प्रत्येक वाटाणा त्याची चाल जरा बिघडवतो. म्हणजे मालिकेला स्वतःची स्मृती असते, आणि तीत योगायोगाचे धक्के मिसळत राहतात. हिंदुस्थानातून परतून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अध्यापक झालेल्या वॉकरांनी १९३१ मध्ये ही कल्पना व्यापक केली आणि ऑस्ट्रेलियातील पोर्ट डार्विनच्या हवेच्या दाबाला लावून पाहिली. आज जगभर शिकवली जाणारी 'यूल-वॉकर समीकरणे' ती हीच. पावसाचे भाकीत शोधायला निघालेल्या माणसाच्या नावावर कालश्रेणीच्या गणिताचा एक पाया उभा आहे.

१७/ आता कसोटी. उदाहरणासाठी १०८ वर्षांचा पाऊस घ्या. प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक काढा, त्याला मागील वर्षाच्या फरकाने गुणा, सर्व गुणाकारांची बेरीज करा आणि फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. येणारी संख्या सर्वसाधारणपणे उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असते. दुष्काळ दुष्काळाला ओढून आणत असेल तर ती धन. कोरड्यामागून ओले असा झोका असेल तर ऋण. वर्षे एकमेकांना ओळखतच नसतील तर शून्याजवळ.

१८/ 'शून्याजवळ' म्हणजे किती जवळ, इथे खरी मेख होती. नमुन्यात नेमके शून्य कधीच येत नाही. ढोबळ नियम असा की वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १.९६ ला त्याने भागावे. १०८ वर्षांसाठी हे उत्तर सुमारे ०.१९. उणे ०.१९ ते अधिक ०.१९ यांच्या आत आलेली संख्या योगायोगाच्या हद्दीत, बाहेर आली तर संशयित. याचा काटेकोर हिशेब १९४० च्या दशकात झाला. फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये शेजारच्या आकड्यांतील फरकांच्या वर्गांवर कसोटी बांधली (तीही तोफगोळ्यांच्या चाचण्यांच्या निमित्ताने), १९४२ मध्ये आर. एल. अँडरसन यांनी क्रमिक सहसंबंधाचे वितरण काढले.

१९/ सर्वांत प्रसिद्ध कसोटी १९५०-५१ ची, जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांची. ती थेट पावसाला लावत नाहीत. एखाद्या सूत्राने समजावून उरलेल्या बाकीला लावतात. समजा, ज्वारीचे उत्पादन पाऊस आणि क्षेत्र यांवरून काढण्याचे सूत्र केले. सूत्र दर वर्षी थोडे चुकणारच. पण सलग पाच वर्षे एकाच बाजूला चुकले, तर काहीतरी सूत्राबाहेर राहिले आहे. शेजारच्या चुकांतील फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले चुकांच्या वर्गांची बेरीज, हे त्यांचे माप. ते शून्य ते चार यांच्यामध्ये असते. दोनच्या आसपास आले तर चिंता नाही, शून्याकडे झुकले तर एक चूक दुसरीचे बोट धरून चालली आहे. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर सूत्र आहे त्यापेक्षा अधिक भरवशाचे वाटू लागते. शासकीय अंदाजांत हा भाबडेपणा महागात पडतो.

२०/ आणि मूळ प्रश्न? त्याचे उत्तर पुण्यात मिळाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील डी. ए. मूळे आणि बी. पार्थसारथी यांनी देशभरातील ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र करून १८७१ ते १९७८ या १०८ वर्षांची मालिका बांधली आणि १९८४ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की अखिल भारतीय मोसमी पावसाच्या या मालिकेत एका वर्षाची दुसऱ्या वर्षावर लक्षणीय सावली पडत नाही. जून उजाडतो तेव्हा पावसाने मागचा जून लक्षात ठेवलेला नसतो.

२१/ मग जोडीने आलेल्या दुष्काळांचे काय? साधा हिशेब करू. सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून कमी पावसाच्या वर्षाला दुष्काळी म्हटले, तर अशी वर्षे साधारण सहांत एक. वर्षे स्वतंत्र असतील, तर लागोपाठ दोन दुष्काळांची शक्यता छत्तीसांत एक. १०८ वर्षांत शेजारच्या जोड्या १०७, म्हणून सुमारे तीन जोड्या निव्वळ योगायोगानेच अपेक्षित. प्रत्यक्षात त्या काळात ठळकपणे दिसतात त्या १९०४-०५ आणि १९६५-६६. पुढे १९८६-८७ आणि २०१४-१५. यात कोणताही शाप नाही. फासा असाच पडतो. मात्र एकट्या जिल्ह्याचा पाऊस देशाच्या सरासरीहून कितीतरी लहरी असतो. एखाद्या ठिकाणी चारांत एक वर्ष वाईट असेल, तर त्याच काळात सहा-सात जोड्या स्मृतीशिवायच जमतील. अशा ठिकाणी राहणाऱ्याला दुष्काळ झुंडीने येतात असे वाटले, तर त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत. केवळ कारण तो समजतो ते नसते.

२२/ इथे थांबता आले असते, पण सोलापूरचा शेतकरी थांबू देणार नाही. "पावसाला आठवण नसेल, माझ्या विहिरीला आहे," असे तो म्हणेल, आणि त्याचे खरे आहे. विहिरीतले पाणी म्हणजे गेल्या कित्येक पावसाळ्यांची शिल्लक. रशियन गणिती येव्गेनी स्लुत्स्की यांनी १९२७ मध्ये दाखवले की पूर्णपणे यादृच्छिक आकड्यांच्या सरकत्या बेरजा घेतल्या, की त्यांत चढउतारांच्या लाटा आपोआप उमटतात. पावसात लाट नसते, पण विहिरीत दिसते. उजनीच्या साठ्यात दिसते. गोठ्यातल्या जनावरांत आणि सावकाराच्या वहीत तर फारच स्पष्ट दिसते, कारण विकलेली बैलजोडी पुढच्या चांगल्या पावसाने परत येत नाही.

२३/ बहात्तरचा दुष्काळ असाच साठत आला. १९७० आणि १९७१ ची वर्षे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आधीच ओढगस्तीची गेली होती. १९७२ च्या पावसाने पाठ फिरवली तेव्हा शिल्लक उरली नव्हती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. वर्ष कोणतेही असो, मागेल त्याला काम. ही तरतूद कोणत्याही आवर्तनावर विसंबत नाही.

२४/ पीकविम्याचा प्रश्नही याच गाठीत अडकलेला. पुण्याचे वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात क्षेत्राधारित पीकविम्याची मांडणी केली. अशा विम्याच्या निधीला वाईट वर्षे विखुरलेली हवी असतात. नुकसानीच्या मालिकेत लगतच्या वर्षांचा सहसंबंध ०.३ निघाला, तर अनेक वर्षांच्या एकूण बोजातील अनिश्चितता स्वतंत्र वर्षांच्या मानाने सुमारे १.३६ पट होते. तेवढी जादा गंगाजळी नसेल, तर दुसऱ्या वाईट वर्षी निधी आटतो. म्हणजे पावसावर कसोटी लावून भागत नाही. ती उत्पन्नावर, पाण्यावर, कर्जावर वेगवेगळी लावावी लागते, आणि उत्तरे वेगवेगळी येतात.

२५/ दुर्गादेवीच्या बारा वर्षांकडे परत जाऊ. १०८ वर्षांच्या मालिकेने त्यांना दंतकथा ठरवले का? नाही. कसोटी जे वय पाहू शकते तेवढेच पाहते. शतकभराच्या नोंदीत शतकभर लांबीची लाट दिसत नाही. छत्तीसगडमधील दंडक गुहेतील चुनखडीच्या स्तंभांच्या अभ्यासाने, २००७ मध्ये, सन ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाचा अंदाज बांधला. त्यात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकापर्यंत अनेक दशके पाऊस क्षीण झाल्याच्या खुणा आहेत. दुर्गादेवी आणि दामाजीपंत दोघेही याच काळातले. बारा हा आकडा लोककथेचा असेल, परंतु दीर्घ ओढ खरी असण्यास गुहेची साक्ष आहे.

२६/ उलट दिशेलाही पाहा. वर्षांना स्मृती नसली तरी दिवसांना असते. काल पाऊस पडला असेल तर आज पडण्याची शक्यता अधिक, काल उघडीप असेल तर आजही उघडीप. म्हणून सोलापुरात जुलै-ऑगस्टचे खंड इतके लांबतात आणि वार्षिक सरासरी गाठूनही खरीप करपू शकतो. या जिल्ह्याचा खरा भरवसा सप्टेंबरवर, उत्तरा आणि हस्तावर.

२७/ १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, ना. वि. कानिटकर यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. पुढच्या वर्षीचा पाऊस कसा असेल हा प्रश्न तेथे गौण होता. यंदा पडलेले पाणी काळ्या मातीत किती खोल मुरते, बांधाने किती अडते, आणि पेरणीपासून कापणीपर्यंत किती पुरते, याची मोजणी चालली. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही ज्वारी याच हिशेबात बसणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि पुढे आकाशाकडून फारसे काही न मागता, मातीत मुरलेल्या ओलाव्यावर माघ-फाल्गुनापर्यंत कणीस भरायचे.